मंगळावर राहिलेलं कापड

श्रोतेहो, नमस्कार.

परग्रहावर उतरून तिथेच राहिलेल्या यानांचा विषय निघाला की कॅमेरे, बॅटऱ्या, चाकं, ॲल्युमिनियम यांबद्दलच बोललं जातं. सोलापुरात बसून मला मात्र त्या यानांतल्या कापडाबद्दल बोलावंसं वाटतं. माझं सगळं आयुष्य विणकाम शिकवण्यात गेलं. मंगळाचा नवा फोटो आला की माझी नजर आधी कापड शोधते, आणि मंगळावर कापड पुष्कळ आहे.

सगळ्यात जुन्यापैकी एक आहे व्हायकिंग-१ या यानाचं पॅराशूट. २० जुलै १९७६ रोजी हे यान क्रायसी नावाच्या सपाट प्रदेशात उतरलं. आपले जंतू मंगळावर जाऊ नयेत म्हणून निघण्याआधी अख्खं यान शंभर अंशांहून जास्त तापमानात कितीतरी तास भाजून काढलं होतं. हे सोसेल असं कापड पॅराशूटच्या छत्रीला हवं होतं, म्हणून पॉलिएस्टर निवडलं. छत्रीचा व्यास सुमारे १६ मीटर. उतरताना ती यानापासून सुटली आणि थोड्याच अंतरावर जमिनीवर पडली. यान १९८२ पर्यंत बोलत होतं. त्या नोव्हेंबरात पृथ्वीवरून एक चुकीची आज्ञा गेली, त्याचा अँटेना भलतीकडे वळला आणि संपर्क कायमचा तुटला.

आता खरी गंमत ऐका. मंगळावर धूळ सतत बसत असते. तिथल्या इनसाइट यानाचे सौर पॅनल धुळीने झाकत गेले आणि २०२२ च्या डिसेंबरात ते गप्प झालं. मग १९७६ साली जमिनीवर पडलेली छत्री केव्हाच लाल मातीत मिसळून जायला हवी होती. पण मंगळाभोवती फिरणाऱ्या एका यानातून, जवळपास ३०० किलोमीटर उंचीवरून काढलेल्या फोटोंत ती अजून उजळ दिसते. असं का, याचा धागा दुसऱ्याच छत्रीत सापडला. ऑगस्ट २०१२ मध्ये क्युरिऑसिटी गाडी उतरली. त्यानंतरच्या पाच महिन्यांत वरून तिच्या छत्रीचे सात फोटो घेतले गेले. ते ओळीने लावून पाहिले तर कापडाचा आकार बदलताना दिसतो. तिथल्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, तरी वारा कापड हलवतो. कापड हललं की धूळ झटकली जाते. व्हायकिंगची छत्री इतकी वर्षं दिसत राहिली ती बहुधा याच कारणाने, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मला तो पटतो. कापड म्हणजे काय, हे ज्याला हाताने माहीत आहे त्याला तो पटेलच.

पर्सिव्हरन्स गाडीच्या छत्रीवर थोडं थांबतो, कारण तिच्यामागे कापड फाटण्याची गोष्ट आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये अमेरिकेत एका वेगळ्या, मोठ्या पॅराशूटच्या चाचण्या झाल्या. आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगात ते उघडलं आणि दोन्ही वेळा फाटलं. म्हणून पर्सिव्हरन्ससाठी रॉकेटने छत्र्या वर नेऊन नव्याने चाचण्या घेतल्या. २०१८ च्या चाचणीत ८१ किलोची, दाबून घट्ट गठ्ठा केलेली छत्री ०.४ सेकंदात पूर्ण फुगली आणि तिने जवळजवळ ३२ टनांचा ताण झेलला. हे आकडे आपल्या यंत्रमागवाल्यांनी पुन्हा एकदा मनात घोळवावेत. एवढा भार शेवटी येतो तो नायलॉनच्या धाग्यावर आणि शिवणीवर.

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी ही साडेएकवीस मीटरची छत्री मंगळावर उघडली. तिच्यावर केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची अनियमित नक्षी होती. ज्यांनी जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवणारी, पत्ती पंच केली आहे त्यांना ही नक्षी लगेच कळेल: पत्तीत जसं भोक असतं किंवा नसतं, तसा इथे पट्टा केशरी किंवा पांढरा, आणि त्यातून अक्षरं. 'मोठं धाडस करा' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आणि जिथे ही गाडी बांधली त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश त्यात लिहिले होते. पाहणाऱ्या लोकांनी ते लगोलग उलगडलं.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, गाडीसोबत गेलेल्या इनजेन्युइटी हेलिकॉप्टरने त्या पडलेल्या छत्रीवरून उडून फोटो काढले. छत्रीचा साधारण एक तृतीयांश भाग दिसत होता, धुळीने माखलेला, पण फाटल्याची खूण नाही. ऐंशी दोऱ्यांपैकी ज्या दिसत होत्या त्या शाबूत. छत्री कशी टिकली हे पाहायचं होतं, म्हणून इंजिनियरांनी हे फोटो मागितले होते. टाकून दिलेल्या वस्तूकडे परत जाऊन ती तपासणं ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

या हेलिकॉप्टरमध्येही कापड आहे. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जे विमान उडवलं, त्याच्या पंखावर ब्लीच न केलेलं सुती मांजरपाट ताणून बसवलेलं होतं. त्यातला टपाल तिकिटाएवढा तुकडा हेलिकॉप्टरच्या सौर पॅनलखाली एका केबलभोवती टेपने गुंडाळला आहे. पाच उड्डाणांसाठी पाठवलेलं हे यंत्र ७२ वेळा उडालं. १८ जानेवारी २०२४ ला उतरताना त्याच्या पात्यांना इजा झाली. ते आता तिथेच उभं आहे. कुठल्यातरी शेतातला कापूस, कुठल्यातरी मागावर विणलेलं साधं मांजरपाट, आणि आज ते मंगळावर आहे. हे सांगताना मला भरून येतं.

आता माझी एक मनापासूनची इच्छा. व्हायकिंगच्या कॅमेऱ्यांची जबाबदारी सांभाळणारे टॉमस मच १९८० मध्ये आपल्या हिमालयात, नून शिखरावरून उतरताना बेपत्ता झाले. व्हायकिंग-१ ला त्यांचं नाव दिलं गेलं. त्या नावाची पाटी वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेवली आहे, कुणीतरी मंगळावर जाऊन ती यानावर बसवेपर्यंत. जो कुणी ती पाटी घेऊन जाईल त्याने येताना व्हायकिंगच्या छत्रीचा वीतभर तुकडा आणावा. असं पूर्वी घडलंय. १९६९ मध्ये अपोलो-१२ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर अडीच वर्षं पडून असलेल्या सर्व्हेयर-३ चा कॅमेरा आणि काही भाग काढून आणले, आणि त्यांचा कसून अभ्यास झाला.

मंगळाला आपल्यासारखं ओझोनचं आवरण नाही, त्यामुळे अतिनील किरण थेट जमिनीवर येतात. म्हणूनच पर्सिव्हरन्सवर अंतराळवीरांच्या पोशाखाच्या साहित्याचे पाच छोटे नमुने लावले आहेत. ते कसे झिजतात हे ती गाडी अधूनमधून तपासते. पण ते नमुने नवे आहेत. व्हायकिंगचं पॉलिएस्टर १९७६ पासून ते ऊन खातंय. तो तुकडा हाती आला तर त्याच्या उभ्या आणि आडव्या धाग्यांची ताकद वेगवेगळी मोजावी, आणि आकाशाकडची बाजू जमिनीकडच्या बाजूशी ताडून पाहावी. वाऱ्याने कापड किती वेळा उलटलं असेल, त्याचा पत्ता तिथेच लागेल.

नमस्कार.