पाच मिनिटांत चार्ज? आधी ट्रान्सफॉर्मर बघा

(दृश्य: शहापूर, दुरुस्तीचं दुकान, बॅटरी पॅक उघडलेला)

बेळगावातलं शहापूर. इथं ई-स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त होतात. हा टक् टक् आवाज स्पॉट वेल्डरचा, म्हणजे विजेच्या झटक्यानं ठिपक्याएवढा जोड देणाऱ्या यंत्राचा. सेलच्या टोकावर निकेलची पट्टी धरायची, तांब्याच्या दोन काड्या टेकवायच्या, पायानं बटण दाबायचं. या निळ्या नळकांड्या म्हणजेच सेल, 18650 जातीचे, 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. मिस्त्री आधी एकेकाचं व्होल्टेज बघतात आणि सारखे निघालेले सेलच शेजारी लावतात. रांगेत एक जरी कमजोर आला, तरी अख्खा पॅक त्याच्याच चालीनं चालतो.

गिऱ्हाईक विचारतंय, “काका, पाच मिनिटांत चार्ज होणारी बॅटरी येणार म्हणे की. तवर थांबू काय?”

मिस्त्री मान वर न करता म्हणतात, “थांब की. मी पण थांबलोय कधीचा.”

(दृश्य: मध्यवर्ती बसस्थानक, खानापूरच्या गाडीचं दार)

बॅटरीच्या आत काय होतं, ते या दारात बघा. गाडीत प्रवासी शिरतात, तसे चार्ज करताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ग्रॅफाइटच्या (पेन्सिलीच्या शिशातल्या कार्बनच्या) थरांमध्ये शिरून जागा धरतात. निवांत सोडले तर सगळे बसतात. घाईनं चार्ज करताना रेटारेटी झाली की काही बाहेरच राहतात आणि पृष्ठभागावर धातू होऊन साचतात. थंडीत हे जास्त. साचलेल्या लिथियमपैकी काही कायमचं वाया जातं. त्याचे सुईसारखे कोंब वाढून आतला पडदा फुटला, तर शॉर्ट होतो, आग लागते.

2014 साली स्टोअरडॉट या इस्रायली कंपनीनं अर्ध्या मिनिटात मोबाईल चार्ज करून दाखवला, 2016 अखेर उत्पादन सुरू करू म्हणाली. तो मोबाईल अजून कुणाच्या खिशात दिसला नाही. चीनच्या बीवायडीनं मात्र मार्च 2025 मध्ये मोटारीसाठी पाच मिनिटांत 400 किलोमीटरची व्यवस्था जाहीर केली. ती खोटी नव्हे. पण तिचा चार्जर 1000 किलोवॅटचा.

(दृश्य: गावाबाहेर, दोन खांबांवरचा ट्रान्सफॉर्मर, पाटी जवळून)

पाटीवर 25 केव्हीए, म्हणजे फार तर 25 किलोवॅट. असे चाळीस एकत्र केले, तर त्या एका चार्जरला कसेबसे पुरतील. मोटार राहू द्या, स्कूटरचा हिशोब करू. बॅटरी तीन युनिटची, ती पाच मिनिटांत भरायची तर 36 किलोवॅट लागतात. म्हणजे एका स्कूटरलाच हा ट्रान्सफॉर्मर अपुरा. घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटमधून पूर्ण ताकदीनं ओढलं, तरी तासभर जातो. बॅटरी प्रयोगशाळेतून उद्या आली, तरी ही तार हीच राहणार. जाहिरातीत ही तार कधी दिसत नाही.



(दृश्य: शोरूम, हातात माहितीपत्रक)

शोरूममध्ये गेलात तर एवढं विचारा: किती टक्क्यांपासून किती टक्क्यांपर्यंत? आणि रोज असंच चार्ज केलं तर किती वर्षं? बारीक अक्षरात बहुतेक वेळा 10 ते 80 टक्के असतं. वरचे 20 टक्के भरताना प्रवाह कमीच करावा लागतो, म्हणून ते जाहिरातीत धरत नाहीत.