आधी कार्यालय, मग विषय: शासकीय प्रकाशने ग्रंथालयात कशी शोधावीत

(व्याख्यानाचे संपादित लेखरूप)

श्रोतेहो,

ग्रंथालयात सरकारी अहवाल मागायला येणारा वाचक बहुधा विषय सांगतो. ‘दुष्काळावरचा अहवाल हवा आहे’, ‘तो अनुशेषाचा अहवाल द्या’, ‘आमच्या तालुक्याची जुनी माहिती कशात मिळेल?’ चरित्र किंवा प्रवासवर्णन हवे असेल तर एवढे पुरते. शासकीय प्रकाशनांच्या बाबतीत मात्र पुष्कळदा पुरत नाही, कारण या प्रकाशनांना रूढ अर्थाने लेखकच नसतो. एखादा विभाग, संचालनालय, आयोग किंवा समिती हीच त्यांची कर्ती असते आणि तालिकेतली, म्हणजे ग्रंथालयाच्या ग्रंथसूचीतली, नोंदही तिच्याच नावाने होते. म्हणून आज मला एवढेच सांगायचे आहे, की हवा असलेला कागद कोणत्या कार्यालयाने, कोणत्या अधिकाराने आणि साधारण कोणत्या वर्षी काढला असेल हे वाचकाने आधी ठरवावे आणि विषयाचा शोध त्यानंतर घ्यावा.

अनुशेषाचेच, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांच्या तुटीचेच, उदाहरण घेऊ. वर्तमानपत्रांत, भाषणांत आणि विधिमंडळातल्या चर्चेत आपण सगळे ‘दांडेकर समितीचा अहवाल’ म्हणतो. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली ही समिती १९८३ मध्ये नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. पण तालिकेत दांडेकरांचे नाव घालून शोधले तर त्यांची अर्थशास्त्रावरची पुस्तके समोर येतील आणि हा अहवाल कदाचित येणारच नाही. तो नोंदलेला असतो महाराष्ट्र शासनाच्या नियोजन विभागाखाली, प्रादेशिक असमतोलाविषयीची सत्यशोधन समिती या औपचारिक नावाने, आणि मूळ अहवाल इंग्रजीत असल्यामुळे बहुधा इंग्रजी शीर्षकाखाली. केळकर समितीच्या २०१३ च्या अहवालाचेही तसेच आहे. त्याच्या मुखपृष्ठावरचे नाव संतुलित प्रादेशिक विकासाच्या प्रश्नांवरील उच्चस्तरीय समितीचे आहे. सिंचनाच्या बाबतीत तर फसगत होण्याची शक्यता अधिक आहे. बर्वे आयोग १९६२ चा आणि चितळे आयोग १९९९ चा, पण दोघांच्याही अधिकृत नावांत ‘महाराष्ट्र’, ‘सिंचन’ आणि ‘आयोग’ हे शब्द आहेत. वर्ष न सांगता मागणी केली तर जवळजवळ चार दशकांच्या अंतराचा भलताच खंड हाती पडू शकतो. अध्यक्षाचे नाव लोकांच्या तोंडी राहते आणि विभागाचे नाव कपाटावर, ही सरकारी अहवालांची जुनी रीत आहे आणि ती बदलेल असे मला वाटत नाही.

आयोग आणि समिती यांतला फरकही शोधाच्या उपयोगाचा आहे. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल सरकारला मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, त्यावर काय कार्यवाही केली याच्या निवेदनासह, विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. त्यामुळे अशा अहवालाचा माग विधिमंडळाच्या छापील कार्यवृत्तात लागतो आणि त्याबरोबरचे कार्यवाहीचे निवेदनही मागून घेता येते. साध्या शासन निर्णयाने नेमलेल्या समितीवर असे बंधन नसते. तिचा अहवाल कधी नीट छापला जातो, कधी चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल) प्रतींवरच थांबतो आणि कधी विभागाच्या नस्तीबाहेर पडतच नाही. एखादा अहवाल कोणत्याही ग्रंथालयात सापडला नाही, तर तो मुळात छापला गेला होता का, हा प्रश्न आधी विचारावा.

आता काळाकडे वळतो. आपल्या राज्याच्या बाबतीत हा भाग सर्वांत गुंतागुंतीचा आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही. महाराष्ट्र १ मे १९६० रोजी अस्तित्वात आला. त्याआधी, १ नोव्हेंबर १९५६ पासून, द्विभाषिक मुंबई राज्य होते. त्याही आधी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, नागपूर आणि वऱ्हाड मध्य प्रांतात आणि स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात होते, आणि पश्चिम महाराष्ट्र व कोकण मुंबई इलाख्यात होते. कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी, जंजिरा ही संस्थाने तर वेगळीच. याचा सरळ अर्थ असा, की धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या गावाची १९५१ ची लोकसंख्या हवी असेल तर मुंबई राज्याचे खंड चाळून उपयोग नाही. हैदराबाद राज्याच्या मालिकेतली उस्मानाबाद जिल्ह्याची जनगणना पुस्तिका काढावी लागते. यवतमाळची तीच माहिती मध्य प्रदेशाच्या खंडांत सापडते. त्यात पुन्हा जिल्हे फुटत गेले. १९८१ पूर्वी जालना आणि सिंधुदुर्ग नव्हते, १९८२ पूर्वी लातूर आणि गडचिरोली नव्हते आणि पालघर तर २०१४ चा. आजच्या लातूरचे जुने आकडे उस्मानाबादेत आणि सिंधुदुर्गाचे रत्नागिरीत शोधावे लागतात. जुन्या इंग्रजी तालिकांतली नावेही ध्यानात ठेवावीत: पूना, शोलापूर, येवतमाळ, थाना. रायगडसाठी कुलाबा हेच नाव घालावे लागते.

जुन्या माहितीचा विषय निघाला की गॅझेटिअरचे, म्हणजे जिल्ह्याच्या सर्वांगीण वर्णनाच्या सरकारी ग्रंथाचे, नाव येतेच. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे खंड १८७७ पासून निघू लागले. त्यांतला पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड एकट्याचाच तीन भागांचा आहे आणि तो १८८५ मध्ये छापला गेला. बहुतेक वाचक इतिहासाचे प्रकरण आणि शेवटी येणारी गावांची वर्णने वाचतात. मला विचाराल तर शेती, भांडवल आणि जमीन ही प्रकरणे अधिक मोलाची आहेत. नांगर, बैल आणि गाड्या यांचे आकडे, सावकारीचे व्याजाचे दर, मजुरी, कोणत्या जमाबंदीत साऱ्याचा दर काय ठरला, असा तपशील एका ठिकाणी दुसरीकडे क्वचितच मिळतो. जातींविषयीची वर्णने मात्र जपून वाचावीत. ती स्थानिक अधिकाऱ्यांनी आणि माहीतगारांनी पाठवलेल्या टिपणांवरून रचलेली आहेत आणि लिहिणाऱ्यांचे पूर्वग्रह त्यांत जागोजागी दिसतात. आजही ती वर्णने कुणी जशीच्या तशी उतरवून ‘सरकारी पुरावा’ म्हणून पुढे करतो, तेव्हा मोठी पंचाईत होते. विदर्भासाठी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची वेगळी जिल्हा गॅझेटिअरे आहेत, त्यांतली पुष्कळशी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतली. औरंगाबादचे १८८४ चे गॅझेटिअर निजामाच्या राज्यातले. स्वातंत्र्यानंतर राज्याच्या दर्शनिका विभागाने नव्याने गॅझेटिअरे काढली, जुन्यांची पुनर्मुद्रणे केली आणि संगणकीय प्रतीही उपलब्ध करून दिल्या.

राजपत्राविषयी, म्हणजे शासनाच्या अधिकृत गॅझेटविषयी, थोडे सविस्तर बोलतो, कारण ज्याला नोकरी, जमीन किंवा न्यायालयाच्या कामासाठी कागद हवा असतो त्याची गाडी येथेच अडते. महाराष्ट्र शासन राजपत्राचा कोणताही अंक समोर घ्या. शीर्षकाखाली भागाचा क्रमांक असतो, तारीख असते, शक संवत्सरातली तारीखही असते आणि ‘प्राधिकृत प्रकाशन’ हे शब्द असतात. नाव बदलल्याच्या जाहिराती भाग दोनमध्ये येतात. राज्याच्या अधिनियमांखाली शासनाने केलेले नियम भाग चार-ब मध्ये येतात. साप्ताहिक अंकाची वाट न पाहता काढलेल्या अंकावर ‘असाधारण’ असे छापलेले असते आणि त्याचा क्रमांक वेगळा चालतो. त्यामुळे ‘अमुक साली राजपत्रात आले होते’ एवढ्या माहितीवर शोध घेणे जवळजवळ अशक्य असते. भाग, तारीख आणि अंक साधारण की असाधारण, या तीन गोष्टी हाताशी असतील तर बांधीव खंडांतून पान काढायला फार वेळ लागत नाही.

शासन निर्णय ही वेगळी वस्तू आहे. अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध होते. शासन निर्णय हा विभागाचा प्रशासकीय आदेश असतो आणि तो सामान्यतः राजपत्रात नसतो. आता शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर ठेवले जातात आणि प्रत्येकाला लांबलचक संगणक सांकेतांक असतो, ज्याच्या सुरुवातीच्या आकड्यांत वर्ष, महिना आणि दिवस वाचता येतात. पण संकेतस्थळाच्या आधीच्या काळातले निर्णय सर्वच्या सर्व तेथे मिळतील असे धरून चालू नये. त्यांच्यासाठी विभागांनी वेळोवेळी छापलेली संकलने पाहावीत आणि तीही जिल्ह्याच्या ग्रंथालयात कधी कधी अनपेक्षितपणे सापडतात.

न्यायालयात राजपत्राला जे वजन आहे ते कायद्याने दिलेले आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ८१ नुसार राजपत्र म्हणून सादर झालेला दस्तऐवज अस्सल असल्याचे न्यायालय गृहीत धरत असे, आणि २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक राजपत्रातली प्रसिद्धीही ग्राह्य ठरवली, आणि केंद्र सरकारने २०१५ पासून आपले राजपत्र इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच प्रसिद्ध करायला सुरुवात केली. मोबाइलवर फिरणाऱ्या राजपत्राच्या चित्राला मात्र यातले काहीच लागू होत नाही.

मग हे सारे मिळते कोठे? ग्रंथ प्रदान अधिनियम, १९५४ नुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोन्नेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय येथे जायला हवी. हा कायदा सरकारी प्रकाशनांनाही लागू आहे. केवळ कार्यालयीन वापरासाठी काढलेली प्रकाशने तेवढी वगळली आहेत. मुंबईतल्या प्रती टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे येतात. कायदा आहे म्हणून प्रत्येक प्रत आलीच असेल असे नाही, कारण अनेक कार्यालयांना या कायद्याचा पत्ताच नसतो. अर्थशास्त्र, शेती आणि जमीनमहसूल यांवरचे ब्रिटिशकालीन अहवाल पाहायचे असतील तर मी निःशंकपणे पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचे नाव घेईन. त्याचे मूळ भारत सेवक समाजाच्या १९०५ च्या ग्रंथसंग्रहात आहे आणि त्याने जुन्या अहवालांच्या संगणकीय प्रती मोठ्या प्रमाणावर सर्वांना खुल्या केल्या आहेत. गोव्याच्या अभ्यासकाला पणजीचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय टाळता येणार नाही. पोर्तुगीज राजवटीतली सरकारी बुलेटिने तेथे पाहायला मिळतात, अर्थात पोर्तुगीज वाचता आले पाहिजे. चालू प्रकाशने विकत घ्यायची असतील तर मुंबईत चर्नी रोडला आणि पुण्यात फोटोझिंको मुद्रणालयाच्या आवारात शासकीय ग्रंथागारे आहेत.

जिल्ह्याच्या शासकीय ग्रंथालयाला कमी लेखू नये. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’, राज्याची आर्थिक पाहणी आणि जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका यांचे जुने अंक तेथे बरेचदा असतात आणि मुंबईपर्यंतचा प्रवास वाचतो. समालोचनाचे लागोपाठचे अंक वापरताना मात्र तक्त्यांखालच्या तळटीपा वाचल्याशिवाय तुलना करू नये. मध्येच तालुका नवा झाला किंवा मोजण्याची व्याख्या बदलली, की ओलिताखालचे क्षेत्र एका वर्षात घटल्यासारखे दिसते आणि प्रत्यक्षात शेतात काहीच झालेले नसते.

मिळालेल्या मजकुराचा वापर करताना अनेकजण स्वामित्वहक्काच्या धास्तीने थांबतात. राजपत्रातला अधिनियमांव्यतिरिक्तचा मजकूर, तसेच शासनाने मनाई केलेली नसेल तर विधिमंडळापुढे ठेवलेले समित्यांचे आणि आयोगांचे अहवाल, यांचे पुनर्मुद्रण करण्यास स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. इतर शासकीय प्रकाशनांवरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या साठ वर्षांचा आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटिअरांचा प्रश्नच उरत नाही. संदर्भ देताना विभागाचे त्या काळचे नाव, मालिकेचे नाव, खंड व भाग, मुद्रणाचे ठिकाण आणि वर्ष टिपावे. संकेतस्थळावरून घेतले असेल तर पाहिल्याची तारीखही टिपावी आणि प्रत उतरवून ठेवावी, कारण विभागांची संकेतस्थळे नवी झाली की जुने दुवे तुटतात.

तालिकेत नोंद नाही म्हणून मात्र लगेच माघारी फिरू नका. सरकारकडून विनामूल्य आलेले पातळ अहवाल कित्येक ठिकाणी वर्गीकरणाविना गठ्ठ्यांत बांधून ठेवलेले असतात. संगणकीकरण सुरू झाले तेव्हा आधी कथा-कादंबऱ्या नोंदवल्या गेल्या आणि हे गठ्ठे मागे राहिले. अशा वेळी ग्रंथपालांना जुनी दाखल नोंदवही दाखवण्याची विनंती करावी. तीत पुस्तके आली त्या क्रमाने लिहिलेली असतात, किंमतीच्या रकान्यात ‘भेट’ असा शेरा असतो आणि पुरवठादाराच्या रकान्यात पाठवणाऱ्या कार्यालयाचे नाव. अहवाल छापल्याचे वर्ष ठाऊक असेल तर त्या आणि पुढच्या एक-दोन वर्षांची पाने त्या कार्यालयाच्या नावासाठी वाचावीत, दाखल क्रमांक उतरवून घ्यावा आणि गठ्ठा सोडण्यासाठी ग्रंथपालांकडून वेळ मागून घ्यावी.