रक्त कमी, पण कशामुळे?

(पहाट. दिंडोरी रस्ता. पिकअपमधून बायका उतरतात.)

ऑक्टोबर छाटणी झाली की पेठ-सुरगाण्याकडची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात. दिवसभर मान वर, हात वर, घडांची विरळणी. दुपारी एकीला चक्कर येते. "उन्हानं झालं असेल," बाकीच्या म्हणतात. पण गेला महिनाभर घरचा हंडा उचलतानाही तिला धाप लागतेय.

(तपासणी शिबिर. नर्स तिची खालची पापणी ओढून बघते.)

पापणीची आतली बाजू लालसर हवी, हिची पांढरट आहे. बोट टोचलं, हिमोग्लोबिन ८.६. बाईला किमान १२ हवं, गरोदरपणी ११, पुरुषाला १३. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया निघाला.

बहुतेकदा लोहाच्या गोळ्या हातात पडतात आणि विषय मिटतो. पण ८.६ वरून रक्त किती ते कळलं. का कमी, ते कुठे कळलं?

(सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट. डॉक्टरांचं बोट 'एमसीव्ही'वर थांबतं.)

हा तांबड्या पेशीचा आकार. १०० च्या वर गेला, तर बी-१२ किंवा फोलेट ही जीवनसत्त्वं कमी आहेत का, ते बघायचं. ८० च्या खाली असेल तर पहिला संशय लोहावर, आणि त्याची खात्री फेरिटिनवरून; अंगातला लोहाचा साठा कमी, की हेही कमी. अंगात ताप किंवा सूज असली, तर हे फेरिटिन फसवं वाढतं, तेवढं ध्यानात ठेवायचं. फेरिटिन चांगलं आणि पेशी मात्र लहान, असं असेल तर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक आहे का, ते बघतात.

आदिवासी पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, विसरून चालत नाही. तांबडी पेशी एरवी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णात १०-२० दिवसांतच फुटते. त्यासाठी आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस.

हिची सोल्युबिलिटी निगेटिव्ह. एमसीव्ही ६६, फेरिटिन ६. म्हणजे लोहच. पण ते जातंय कुठे?

"माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात?"

ती पदर तोंडाला लावून हसते. लोह कमी झालं की असं खावंसं वाटतं, पण हे आपणहून कोणी सांगत नाही.

"पाळी किती दिवस?"

"नऊ-दहा. आईचंही तसंच होतं."

डॉक्टर गोळ्यांसोबत सोनोग्राफीची चिठ्ठी लिहितात.