दाढीचा अर्ज

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख ‘निवृत्त नौसैनिक’ अशी करून दिली आणि लगेच माझ्या गुळगुळीत हनुवटीकडे पाहिलं. खलाशी आणि बिनदाढीचा? तेव्हा आधी तेवढं सांगून टाकतो. सैन्यातला धर्म आणि गणवेश हा आजचा विषय कुठं पळून जात नाही.

नौदलात दाढी ठेवायची तर अर्ज करावा लागतो, मग तुम्ही कुठल्याही धर्माचे असा. वर दाढी मिशीसकट, भरघोस हवी. त्या वर्षी आमची आई अंथरुणाला खिळलेली. मी आमच्या म्हापशाच्या देवाला, बोडगेश्वराला, बोललो होतो, ती उठून चालेपर्यंत वस्तरा लावणार नाही. आता नवस अर्जात लिहायचा की नाही, यावर आम्ही मेसमध्ये रात्र जागवली. पगडी सोडून बसलेला आमचा सरदार दोस्त म्हणाला, “मला कुणी कारण विचारत नाही, तूही सांगू नकोस.” मी कारण गाळलं. परवानगी मिळाली.

पण डाव्या गालावर देवानं बी पेरलंच नव्हतं! पंधरवड्यानंतर साहेबांनी मला उजेडात उभं केलं, हनुवटी धरून तोंड इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. “एक वाफा हिरवा, दुसरा पडीक. उतरव.” उतरवली. नवस मोडला म्हणून महिनाभर झोप नाही. सुट्टीवर म्हापशाला आलो तर आई दारात उभी, केरसुणी हातात. म्हणाली, “बरें केलें पुता, खाड तुका सोबना.” म्हणजे, दाढी तुला शोभत नाही.

(सचिव घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं? बरं, पाच.)

तर मुद्दा. माझ्या दाढीला नौदलानं धर्म विचारला नाही. हवाई दलाचा 425 क्रमांकाचा नियम मात्र धर्मच विचारतो. केस कापायला किंवा दाढी करायला ज्यांच्या धर्मात मनाई आहे, त्यांनाच सूट. एका मुसलमान जवानानं दाढी ठेवली, 2008 मध्ये त्याला सेवेतून कमी केलं आणि डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचं अपील फेटाळलं. त्याच्या धर्मात तशी मनाई आहे हे सिद्ध झालं नाही, म्हणून. सैनिकांच्या मूलभूत हक्कांना संसद मर्यादा घालू शकते, घटनेचं कलम 33 आहेच. शिस्तीवर माझा राग नाही, अर्धं आयुष्य तिच्यातच गेलं. राग आहे तो ‘मनाई आहे का’ या प्रश्नावर. माझा नवस त्या प्रश्नाला उतरला असता? शक्यच नाही.

अमेरिकेत 1986 मध्ये हवाई दलातला एक ज्यू कॅप्टन डोक्यावरच्या छोट्या टोपीचा खटला 5 विरुद्ध 4 मतांनी हरला. पुढच्याच वर्षी तिथल्या काँग्रेसनं कायदा केला: गणवेशावर धर्माची वस्तू घाला, फक्त ती नीटनेटकी असावी, भडक नसावी आणि कामात आड येऊ नये. बास. ब्रिटिश लष्करानं तर 2024 मध्ये दाढी सगळ्यांनाच मोकळी केली. आपल्याकडेही त्याच वर्षी नौदलाच्या अधिकाऱ्यांना मेसमध्ये कुर्ता-पायजमा चालू झाला. आमच्या वेळी कुणी तसा आला असता तर... असो, ते पुन्हा कधीतरी.

माझं म्हणणं इतकंच, की दाढीवर श्वासाचा मास्क घट्ट बसतो का ते बघा. नसेल बसत तर उतरवा, माझी उतरवली तशी. पगडी? पगडीला हात लावा असं मी म्हटलेलं नाही, मागच्या रांगेतले काका, तुमचा हात मला दिसतोय, पण...

हो, हो, संपवतो. काय विचारताय? डाव्या गालावर आता येते का? येते की. पांढरी.