कॉन्फ्लिक्टमधला तिसरा कागद

मंडळी, गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, यापलीकडे सांगत बसत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांनी शेजाऱ्याला विचारावं, तेही चहाच्या वेळी.

माझा हट्ट एकच आहे. मर्ज करताना, म्हणजे कोडच्या दोन वेगळ्या वाटा (ब्रँच) एकत्र करताना, कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांचे बदल एकमेकांना भिडले, की गिट फाइलमध्ये खुणा घालतं. वर आपला मजकूर, मध्ये बरोबरच्या चिन्हांची रेघ, खाली समोरच्या ब्रँचचा मजकूर. झालं, आपण निवाडा करायला मोकळे! पण मुळात तिथे काय होतं? ते दिसतच नाही. गिटला मात्र ते ठाऊक असतं. दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या ते कमिट (कोडची नोंदवून ठेवलेली अवस्था) शोधूनच ते मर्ज करतं. एकानेच बदल केला असेल तर मुकाट घेतं, एकाच जागी दोघांनी वेगवेगळा केला तर आपल्याला हाक मारतं. म्हणजे भाऊबंदकीच्या भांडणात सातबारा तलाठ्याच्या कपाटात, आणि पंच दोघांची तोंडं बघून निकाल देतायत.

एका कंपनीत होतो मी. नाव घेत नाही, पीएफ अजून अडकलाय. तिथल्या साहेबांचा निकाल ठरलेला: ‘आपलं ठेवा.’ मी बिलाच्या फंक्शनमध्ये राउंडिंगची एक ओळ दुरुस्त केली. त्याच सुमारास साहेबांच्या एडिटरने ती फाइल नव्याने फॉरमॅट केली, टॅबच्या जागी स्पेस. (टॅबवाल्यांनी हात वर करू नका, सभा शांततेत पार पाडायचीय.) साहेब मर्ज करायला बसले तर जवळपास अख्खी फाइलच कॉन्फ्लिक्ट! त्यांनी स्वतःची बाजू ठेवली, माझी दुरुस्ती गेली. ग्राहकाचा फोन मात्र मला. मूळ मजकूर समोर असता तर माझ्याकडून एकच ओळ बदललीय, हे साहेबांनासुद्धा दिसलं असतं. बरं, रिकाम्या जागांचे फरक सोडून मर्ज करायचा पर्याय गिटमध्ये आहे. पण साहेबांना पर्याय कोण सांगणार? मी सांगितला. त्यानंतरच्या अप्रेझलबद्दल पुन्हा कधीतरी.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं! मुख्य विषय राहिलाच की.

तर भराभर. सेटिंगमध्ये कॉन्फ्लिक्टस्टाइल ‘डिफ३’ करा. मधे उभ्या रेघांच्या खुणेखाली मूळ मजकूर दिसेल. 2022 च्या जानेवारीत आलेल्या 2.35 आवृत्तीपासून ‘झेडडिफ३’ आहे. दोन्ही बाजूंच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या सारख्या ओळी ते खुणांबाहेर काढतं, भांडण आटोपशीर होतं. रिबेस करताना, म्हणजे आपले बदल दुसऱ्या ब्रँचवर नव्याने रचताना, ‘अवर्स’ (आपलं) आणि ‘देअर्स’ (त्यांचं) उलटे होतात. तिथे ‘आपलं ठेवा’ म्हणणाऱ्याचंच आपलं जातं. साहेबांनी रिबेस कधी केलं नाही, वाईट वाटतं. तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा पुन्हा सोडवावा लागत असेल तर ‘रीरीरी’ चालू करा, गिट मागची उकल लक्षात ठेवतं. गोंधळ उडाला तर मर्ज अ‍ॅबॉर्ट करा, म्हणजे मधेच रद्द करा, लाजू नका.

आणि एक. एकाने फंक्शनचं नाव बदललं, दुसऱ्याने दुसऱ्याच फाइलमध्ये जुन्या नावाने ते वापरलं. गिट म्हणतं सगळं सुरळीत. खूण नाही, हाक नाही, आणि बिल्ड (कोडचा चालता प्रोग्राम बनवणं) कोसळतो, किंवा पायथॉनसारखी भाषा असेल तर ग्राहकासमोर कोसळतं. यावर डिफ३ काही करू शकत नाही. मर्जनंतर टेस्ट चालवाव्याच लागतात. टेस्टवर माझ्या बारा स्लाइड होत्या, त्या आता—बरं बरं, थांबतो. प्रश्न बाहेर घेऊ.