रूबल मोजणारा प्रोग्राम इंग्रजीत नेताना

मंडळी, सोलापुरात कोडविषयी बोलायला एक सोय आहे. जकार्ड, म्हणजे कापडात नक्षी विणायला मागावर बसवतात ते यंत्र, इथे समजावून सांगावं लागत नाही. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक असलं की धागा उचलायचा, नसलं की नाही. मागावरचा माणूस तेलुगू बोलो, दुकानदार कन्नड बोलो, कार्डाला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणूनच, रशियनमधल्या प्रोग्रॅमिंगच्या पाठ्यपुस्तकाचं इंग्रजी करतोय म्हटलं की मुलं विचारतात, "सर, कोड तर तसाच राहणार, मग तुम्ही करता काय?"

यंत्रापुरतं ते बरोबर आहे. पण पाठ्यपुस्तक यंत्र वाचत नाही, मूल वाचतं.

रशियन पुस्तकांतला एक नेहमीचा सराव घ्या. संख्या दिली की तिच्यापुढे 'रूबल' योग्य रूपात छापायचं. 1 असेल तर 'रूबल', 2, 3, 4 ला 'रुब्ल्या', 5 पासून 20 पर्यंत 'रुब्ल्येय'. 21 ला परत 'रूबल', 22 ला 'रुब्ल्या'. मूल म्हणतं, सोपं आहे, 10 ने भागून बाकी बघायची. लिहितं, चालवतं आणि 11 वर आपटतं. 11 ते 14 ला 'रुब्ल्येय'च लागतं, 111 लाही. म्हणजे आधी 100 ने भागून बाकी बघायची, मग 10 ने. अटींचा क्रम चुकला की उत्तर चुकलं, हा खरा धडा.

आता हे इंग्रजीत न्या. एक असेल तर एकवचन, नाहीतर शेवटी एस. एका 'इफ'मध्ये, म्हणजे एकाच अटीत, खेळ खलास! वाक्याचं भाषांतर अचूक आणि धडा मेलेला.

मी तिथे रूबल काढून टाकले आणि इंग्रजी क्रमवाचक घेतले. 1 पुढे एसटी (लाल डब्बा नव्हे), 2 पुढे एनडी, 3 पुढे आरडी, बाकी सगळीकडे टीएच. 21 ला परत एसटी, पण 11, 12, 13 ला टीएच, 111 लाही. सांगाडा तोच, आधी 100, मग 10. फक्त चाचणीच्या संख्या बदलाव्या लागल्या. रशियनमध्ये 14 हा सापळा आहे, इंग्रजीत 14 ला नाहीतरी टीएचच लागतं, त्यामुळे ती चाचणी काहीच तपासत नाही. याला भाषांतर म्हणावं का, यावर वाद घालता येईल. माझ्या मते हेच भाषांतर, मात्र बदल केल्याचं तळटिपेत सांगायला हवं.

काही सराव मात्र सरळ गळतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, रशियन 'यो' हे अक्षर बाकीच्या 32 अक्षरांच्या सलग रांगेत बसत नाही. पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत लूप फिरवला की ते निसटतं. इंग्रजीची 26 अक्षरं शहाण्या मुलासारखी ओळीत उभी!

उलट अडचणही आहे. 1985 साली सोव्हिएत शाळांत माहितीशास्त्र हा विषय सक्तीचा झाला, आंद्रेई येर्शोव्ह त्यामागचे मोठे नाव. बहुतेक शाळांत संगणकच नव्हते, म्हणून मुलं वहीत प्रोग्राम लिहीत, तेही रशियन शब्दांच्या अल्गोरिदम-भाषेत. ते शब्द इंग्रजीत बदलले तर मुलाला वाचता येतात, पण ती भाषा आज ज्या 'कुमिर' प्रणालीत चालते तिथे कोड चालत नाही. मी मूळ शब्द ठेवतो आणि शेजारी अर्थ देतो. पान गिचमिड दिसतं, दिसू दे.

मघाशी कुणीतरी विचारलं, मराठीत कधी आणणार? तिथे रूबलचा सराव दोन्हीकडून अडतो. एक रुपया, बाकी सगळे रुपये. क्रमवाचकांत पहिला, दुसरा, तिसरा, चौथा झाले की 'वा' लावत सुटायचं, एकविसावा, बाविसावा. चेकवर रक्कम अक्षरी लिहिण्याचा प्रोग्राम मराठीत झकास होईल, कारण आपल्याकडे 99 पर्यंत प्रत्येक आकड्याला वेगळं नाव. पण त्यातून मूल तक्ता वापरायला शिकेल, अटींचा क्रम नाही. अटींच्या क्रमासाठी लीप वर्ष ओळखण्याचा सराव आहेच, पण तो प्रत्येक पुस्तकात असतो आणि मुलं उत्तर पाठ करून येतात. मला मराठी भाषेतूनच निघालेला सराव हवाय. कुणाला सुचला तर चहाच्या वेळी गाठा.