भोगवटा, नमुना 'ब' आणि टाकीला पडलेले भोक

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेत माझा विषय 'घरमालकांच्या संरक्षणासाठी बांधकाम नियमांची अंमलबजावणी' असा भारदस्त छापला आहे. मला एवढेच मांडायचे आहे की आपल्याकडे नियमांची टंचाई नाही, तपासण्याची वेळ मात्र चुकते. आग लागली की पाहणीची मोहीम निघते. फ्लॅटचे पैसे खरेदीदाराच्या हातून सुटतात तेव्हा कोणी काही पाहत नाही.

18 मे 2025 च्या पहाटे आपल्या सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे गेली. कारखान्याच्या आवारातच त्यांचा मुक्काम होता. शहराच्या पूर्व भागात खाली माग आणि वर बिऱ्हाड ही मांडणी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत, त्यामुळे सुताच्या गठ्ठ्यांना वळसा घालून जिना चढावा लागतो याचे आपल्याला काही वाटेनासे झाले आहे.

आता टाकीची हकिकत. ती सांगितल्याशिवाय मी खाली बसत नाही, हे संयोजकांना अनुभवाने ठाऊक आहे. जुळे सोलापुरातील एका सोसायटीने मला गळती पाहण्यासाठी बोलावले होते. उंच इमारतीत जमिनीखालच्या टाकीचे दोन कप्पे करतात. पाणी आधी आगीसाठी राखलेल्या कप्प्यात येते आणि तो काठोकाठ भरला की मधल्या भिंतीच्या वरच्या बाजूने ओसंडून रोजच्या वापराच्या कप्प्यात उतरते. त्यामुळे राखीव साठा कायम भरलेला राहतो आणि त्यातले पाणी खेळतेही राहते. या सोसायटीत मधल्या भिंतीला अगदी तळाशी, मनगट सहज जाईल एवढे भोक पाडलेले होते. त्यात पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवून कडा सिमेंटने नीट लिंपल्या होत्या. ज्याने कोणी हे केले त्या गवंड्याच्या हाताला तोड नव्हती. मी सेक्रेटरींना विचारले, तर ते म्हणाले, "नळाला किती दिवसांआड पाणी येतंय, तुम्हाला ठाऊक आहे की साहेब! एवढं पाणी आगीची वाट बघत नुसतं ठेवायचं होय?" उन्हाळ्यात टँकरसाठी वर्गणी काढणाऱ्या माणसाला यावर काय उत्तर द्यावे, हे मला अजून सुचलेले नाही. (तुम्ही हसता आहात, पण घरी गेल्यावर आपापल्या टाकीचे झाकण एकदा उघडून पाहा.)

पुढे जिन्यातली लाल पेटी उघडली. नळी होती, तिचे पितळी तोंड भंगारात गेले असावे आणि त्याच्या जागी गणपतीच्या सतरंज्या घडी करून ठेवल्या होत्या. गच्चीच्या दाराला कुलूप होते आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ मुलाकडे पुण्याला गेले होते. खरी गंमत तर कार्यालयातल्या फाइलमध्ये होती. परवानाधारक एजन्सीने दिलेले नमुना 'ब' चे, म्हणजे आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे, प्रमाणपत्र तिथे व्यवस्थित लावलेले होते, आणि त्यानुसार पंप, नळ्या, पाण्याचा साठा असे सगळे काही उत्तम चालू स्थितीत होते.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत. तेव्हा मूळ मुद्दे भराभर सांगतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादार यांच्यावर आहे, म्हणजे आपल्यावर. नमुना 'ब' दरवर्षी जानेवारी आणि जुलै असे दोनदा द्यायचे असते. ते देण्यापूर्वी सभासदांसमोर पंप चालवून दाखवावा आणि त्यावर दोन सभासदांनी सह्या कराव्यात, असा ठराव सर्वसाधारण सभेत करता येतो. त्यासाठी मंत्रालयात जावे लागत नाही.

दुसरे, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, हाती आल्याशिवाय ताबा घेऊ नये. वास्तुशांतीचा मुहूर्त निघाला की हे कोणी ऐकत नाही, याची मला कल्पना आहे. म्हणूनच कर्जाचा शेवटचा हप्ता या प्रमाणपत्राशिवाय बँकेने सोडू नये असे माझे म्हणणे आहे, कारण बिल्डरला नोटिशीपेक्षा अडकलेला हप्ता लवकर समजतो.

तिसरे, रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम 14 नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष कळवला, तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. मात्र भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर त्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्या गल्लीबोळांतल्या कितीतरी इमारती याच मापात बसतात. तिथे महापालिकेचा नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र एवढाच खरेदीदाराला आधार उरतो, म्हणून पैसे देण्याआधीच्या तपासणीचा आग्रह या छोट्या इमारतींसाठी अधिक धरला पाहिजे.

छोट्या इमारतींच्या जिन्यांची रुंदी हा मुद्दा राहिलाच. ठरावाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. प्रती कमी आहेत, एका सोसायटीने एकच घ्यावी.